आवाज मागे का पडतो? चौथा कन्व्हर्टर घेण्याआधी दोन आकडे काढा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. वडिलांसाठी सात इंची पोर्टेबल प्लेअर घेतला आहे, त्यात मेमरी कार्ड घालून ते व्हिडिओ बघतात. कार्डावर तीन तऱ्हेचा माल आहे: गावच्या सप्ताहातली कीर्तनं, जी तुम्ही मोबाइलवर काढली, बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी, आणि अमेरिकेतल्या काकांनी त्यांच्या जुन्या हँडीकॅमवर काढलेलं बरंच काही. प्लेअरला चालतील अशा फायली करण्यासाठी तीन कन्व्हर्टर वापरून झाले. पहिली पाच मिनिटं सगळं ठीक, पाऊण तासाने बुवांचं तोंड मिटलेलं आणि आवाज चालूच. आता पैसे भरून चौथा कन्व्हर्टर घ्यावा का?

नका घेऊ. निदान आज तरी नका. जुन्या कॅसेटी आणि कार्यक्रमांचं चित्रण डिजिटल करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. असं गिऱ्हाईक आलं की मी पहिल्यांदा विचारतो, फरक किती आहे आणि तो वाढतो का? बहुतेकांकडे उत्तर नसतं. ‘आवाज मागे पडतो’ ही तक्रार एकच असली तरी तिच्यामागे चार वेगवेगळे आजार असू शकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर फाइल आणखी बिघडते. तुमच्याकडे तीन ठिकाणचा माल आहे, त्यामुळे बहुधा एकाहून जास्त आजार आहेत. म्हणूनच एक कन्व्हर्टर एका फायलीला चालला आणि दुसरीला नाही चालला.

व्हिडिओ फायलीत चित्र आणि आवाज हे दोन स्वतंत्र प्रवाह असतात. प्रत्येक तुकड्यावर तो कधी वाजवायचा किंवा दाखवायचा याची वेळ लिहिलेली असते, आणि प्लेअर त्या वेळा बघून दोन्ही जुळवतो. कन्व्हर्टर दोन्ही प्रवाह सोडवतो, नव्याने दाबून लहान करतो आणि पुन्हा एकत्र बांधतो. बांधताना त्याने मूळ वेळा पाळल्या तर काही होत नाही. ‘सेकंदाला 30 फ्रेम (म्हणजे एकामागून एक दिसणारी सुटी चित्रं) असणारच’ असं गृहीत धरून त्याने फ्रेम मोजत नव्या वेळा लिहिल्या, की गोंधळ सुरू. ओठ कोणाचे आणि शब्द कोणता, हे त्याला कळत नाही.

म्हणून आधी मोजमाप. संगणकावर व्हीएलसी प्लेअर टाका आणि कन्व्हर्ट केलेली फाइल त्यात लावा. विंडोजवर कीबोर्डवरचं ‘के’ दाबलं की आवाज 50 मिलिसेकंद उशिरा येतो, ‘जे’ दाबलं की 50 मिलिसेकंद लवकर. आकडा पडद्यावर दिसतो. फायलीच्या सुरुवातीला, समजा दुसऱ्या मिनिटाला, चित्र आणि आवाज जुळेपर्यंत ही बटणं दाबा आणि आकडा कागदावर लिहा. मग शेवटाकडे, बावन्नाव्या मिनिटाला वगैरे, जाऊन तेच करा.

जुळवायला खूण मात्र चांगली निवडा. बोलणाऱ्याचे ओठ ही वाईट खूण, विशेषतः दाढीमिशीवाल्या बुवांचे. कीर्तनात मागे टाळकरी उभे असतात ते सोन्यासारखे. टाळ एकमेकांवर आपटतानाची फ्रेम स्पष्ट दिसते आणि नादही एकदम धारदार असतो. फक्त गजर द्रुत लयीत गेला असेल तिथे मोजू नका, कारण एक टाळ चुकून पुढच्याशी जुळतो आणि तुम्हाला वाटतं बरोबर आहे. संथ अभंगाची जागा घ्या. लग्नाच्या डीव्हीडीत वेगळी अडचण येते: मिक्सिंगवाल्याने अर्ध्याहून जास्त भागावर गाणी टाकलेली असतात, तिथे सिंक, म्हणजे चित्र-आवाजाचा मेळ, गेला तरी कोणाच्या बापाला कळत नाही. तिथे नाव घेताना पकडा. उखाणा संपला की सगळे टाळ्या वाजवतात, तीच खूण.

किती अचूक जुळवायचं? फार जिवाला लावून घेऊ नका. प्रसारण क्षेत्रासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1998 साली जी शिफारस केली, तिच्यानुसार आवाज चित्राच्या पुढे असेल तर साधारण 45 मिलिसेकंदांपासून माणसाला जाणवू लागतो, मागे असेल तर 125 पासून. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण निसर्गातही तसंच असतं. नदीच्या पल्याड कोणी धुणं आपटत असेल तर हात खाली आलेला आधी दिसतो, आवाज मागून येतो. त्यामुळे 50 च्या आतला फरक सोडून द्या. आपल्याकडच्या 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेमच 40 मिलिसेकंदांची असते.

आता दोन आकडे हातात आले. ते काय सांगतात ते बघू.

व्हीएलसीत दोन्हीकडे शून्य किंवा नगण्य आले, आणि तरीही वडिलांच्या प्लेअरवर आवाज जुळत नसेल, तर फाइल ठणठणीत आहे आणि दोष प्लेअरचा आहे. स्वस्त प्लेअरमधली चिप मोबाइलचा 1080 चा व्हिडिओ उलगडताना धापा टाकते. आवाज उलगडणं हलकं काम, तो वेळेवर येतो, चित्र रखडतं. याची सोपी परीक्षा म्हणजे, बिघडलेल्या जागी थांबवून थोडं पुढे ढकला. लगेच जुळलं आणि काही मिनिटांनी पुन्हा बिघडलं, तर प्लेअरला फाइल झेपत नाही. उपाय म्हणजे फाइल हलकी करणं, त्याच्या सेटिंग पुढे येतातच. याच सदरात आणखी एक गोष्ट विचारायची राहिली: वडील ब्लूटूथ हेडफोन लावतात का? साध्या ब्लूटूथ जोडणीत आवाज 150 ते 250 मिलिसेकंद उशिरा पोचणं अगदी नेहमीचं आहे. मोबाइलवरची बरीच अ‍ॅप तेवढं चित्र थांबवून धरतात. साध्या प्लेअरकडून ती अपेक्षा ठेवू नका. वायरचा इअरफोन लावून बघा. तेवढ्याने काम झालं तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

दोन्ही आकडे सारखेच आले, म्हणजे सुरुवातीला 300 आणि शेवटीही 300, तर फरक स्थिर आहे. आवाज आणि चित्र एकाच वेगाने चालतात, फक्त एक जण उशिरा निघाला. डीव्हीडीत आवाजाचा प्रवाह चित्रापेक्षा थोडा आधी किंवा नंतर सुरू होत असतो आणि तो फरक आत नोंदलेला असतो. काही कन्व्हर्टर आवाज वेगळा काढून पुन्हा जोडताना ती नोंद फेकून देतात. मोबाइलवर व्हिडिओची सुरुवात कापली असेल तरी हे होतं. फोन बऱ्याचदा खरोखर कापत नाही, ‘इथून दाखव’ एवढी नोंद फायलीत ठेवतो, आणि ती वाचता न येणारा प्लेअर कापलेला तुकडाही दाखवू लागतो. हा सगळ्यात सोपा आजार. अ‍ॅव्हिडेमक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही ‘कॉपी’वर ठेवा, आवाजाच्या भागात ‘शिफ्ट’पुढे मिलिसेकंदांचा आकडा लिहा आणि सेव्ह करा. काहीच पुन्हा दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जा आहे तोच राहतो आणि मिनिटाभरात काम होतं. अधिक चिन्ह की वजा याबद्दल शंका असेल तर पाच मिनिटांचा तुकडा करून आधी ऐका.

फरक वाढत जातो तेव्हा मात्र डोकं लावावं लागतं. तुमच्या वर्णनावरून तुमचा त्रास मुख्यतः हाच आहे.

आधी हे बघा की तो एकसारख्या दराने वाढतो का. त्यासाठी मध्ये तिसऱ्या ठिकाणी मोजा. पन्नास मिनिटांत तीन सेकंद वाढला आणि पंचवीस मिनिटांना दीड सेकंद होता, तर दर एकसारखा. आता तासाला किती ते काढा: 3.6 सेकंद. हा आकडा दिसला की मी पुढे काही विचारत नाही. हा 29.97 आणि 30 फ्रेममधला फरक आहे, बरोबर हजारात एक. अमेरिकेत टीव्हीची एनटीएससी नावाची पद्धत होती, तिथल्या हँडीकॅमचा व्हिडिओ सेकंदाला 29.97 फ्रेमचा असतो, आणि आळशी कन्व्हर्टर त्याला सरळ 30 चा शिक्का मारतो. चित्र किंचित पळतं, आवाज मागे राहतो. काकांच्या फायलींना हाच आजार असणार, असं मला मोजण्याआधीच वाटतंय, पण तुम्ही मोजा.

तासाला अडीच मिनिटांचा फरक असेल तर तो 25 आणि 24 चा गोंधळ. आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत 25 ची, सिनेमाची रीळ 24 ची. असा व्हिडिओ मात्र पाच मिनिटांतच असह्य होतो, त्यामुळे तुमचं ते नसावं.

आणि तासाला पाच मिनिटांच्या आसपास फरक असेल तर फ्रेम सोडा, आवाज तपासा. डीव्हीडी आणि कॅमेऱ्याचा आवाज सहसा सेकंदाला 48,000 नमुन्यांचा (म्हणजे आवाज सेकंदात तेवढ्या वेळा मोजलेला), ऑडिओ सीडीचा 44,100 चा. एकाला दुसऱ्याचा शिक्का बसला की आवाजाचा वेगच बदलतो आणि वेगाबरोबर सूरही. पेटीवर सांगायचं तर, 44,100 ला 48,000 चा शिक्का बसला की पांढरी एकमध्ये गाणारे बुवा काळी एक ओलांडून पांढरी दोनच्या अलीकडे जाऊन पोचतात. मोजायलाही नको, कान असलेल्या माणसाला पहिल्या ओळीत कळतं. जुन्या मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांत 12 बिटची सेटिंग असायची, तिचा आवाज तर 32,000 चा. काकांच्या टेपांपैकी काही तशा असू शकतात.

एकसारख्या दराच्या या सगळ्या प्रकारांत मूळ फाइल हाताशी असेल तर तीच पुन्हा नीट कन्व्हर्ट करा. मूळ गेली असेल तरच आवाज ताणण्याच्या भानगडीत पडा. तेव्हा आवाज ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकूण लांबी तेवढ्या प्रमाणात कमी-जास्त करायची. तिथे दोन पर्याय दिसतील, ‘चेंज स्पीड’ (नव्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड अँड पिच’) आणि ‘चेंज टेम्पो’. टेम्पो सूर न बदलता वेग बदलतो म्हणून सगळे तोच निवडतात, पण हजारात एकासाठी मी स्पीडच वापरतो. सुरातला तेवढा फरक कोणालाही ऐकू येत नाही. टेम्पो मात्र आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा शिवतो, आणि त्यात टाळ-चिपळ्यांच्या नादाची धार जाते.

आता तुमची कीर्तनं. इथे फरक वाढतो पण वेडावाकडा वाढतो: वीस मिनिटं काही नाही, मग दहा मिनिटांत एक सेकंद, मग पुन्हा काही नाही. याचं कारण मोबाइलचा कॅमेरा. उजेड कमी झाला की फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ प्रकाश घेतो, आणि सेकंदाला 30 ऐवजी 25, 20 अशा कमी फ्रेम काढतो. फोनच्या दृष्टीने यात काही चूक नाही, कारण प्रत्येक फ्रेमवर तो खरी वेळ लिहितो. मूळ फाइल फोनवर बिनचूक चालते ती त्यामुळेच. कन्व्हर्टरने त्या वेळा न वाचता फ्रेम मोजल्या आणि सगळ्यांना 30 चा हिशोब लावला, की अंधारातला भाग आखडतो आणि चित्र पुढे पळतं. सप्ताहाचा मंडप, रात्रीची वेळ, मधूनच कमी होणारे दिवे, बुवांवर एकच हॅलोजन; याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. मंडपातल्या ज्या भागात उजेड होता तिथे फरक वाढलेला नाही आणि अंधाऱ्या भागात वाढला आहे, हे तुमच्या फायलीत तपासून बघा, पटेल.

खात्री करायची असेल तर मीडियाइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि फोनमधली मूळ फाइल त्यात उघडा. ‘फ्रेम रेट मोड’पुढे ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असेल आणि खाली किमान-कमाल असे दोन वेगळे आकडे असतील, तर निदान पक्कं. मोबाइलचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओही याच जातीचा असतो.

इथे आवाज ताणून काही साधत नाही, कारण दरच एकसारखा नाही. शेवट जुळवाल तर मध्य बिघडेल. मूळ फायलीवरून पुन्हा कन्व्हर्ट करणं हाच मार्ग. मी हँडब्रेक नावाचा कन्व्हर्टर वापरतो. मोफत आहे आणि फ्रेमवरच्या वेळा प्रामाणिकपणे वाचतो. फॉरमॅट एमपी-4 घ्या. ‘व्हिडिओ’ या भागात एन्कोडर एच-264, फ्रेमरेट 30 निवडा (‘सेम अ‍ॅज सोर्स’ तसंच ठेवू नका) आणि त्याच्या शेजारचा किंवा खालचा ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’चा ठिपका लावा. या ठिपक्यातच सगळं आहे. तो लावला की जिथे फ्रेम कमी तिथे हँडब्रेक मागचीच फ्रेम पुन्हा वापरून जागा भरतो, आणि काळाची लांबी जशीच्या तशी राहते. प्रोफाइल ‘बेसलाइन’, लेव्हल 3.0, चित्राची मापं 640 बाय 360. आवाज एएसी, स्टिरिओ, बिटरेट (सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा) 128. सात इंची पडद्यावर याहून मोठं चित्र डोळ्यांना वेगळं दिसत नाही आणि प्लेअरची धाप थांबते. काकांच्या फायलींना हेच सगळं, फक्त फ्रेमरेट 29.97, आणि त्यांचं चित्र जुन्या टीव्हीसारखं चौकोनी असेल तर 640 बाय 480. डीव्हीडीला 25.

तुमचा प्लेअर एमपी-4 घेतच नसेल आणि एव्हीआयच मागत असेल तर हँडब्रेक उपयोगाचा नाही, तो एव्हीआय करत नाही. अ‍ॅव्हिडेमक्सने करा. पण एव्हीआय हा फार जुना साचा आहे, त्यात फ्रेमगणिक वेळ लिहायची सोयच नाही. म्हणून आधी हँडब्रेकने वरच्याप्रमाणे स्थिर फ्रेमरेटची फाइल करून घ्या, मगच तिचा एव्हीआय करा. आणि त्यात एमपी-3 आवाज टाकताना बिटरेट स्थिर ठेवा. कमी-जास्त होणारा बिटरेट एव्हीआयमध्ये घातला की, विशेषतः पुढे ढकलल्यावर, आवाज कुठेही जाऊन पडतो.

डीव्हीडीचं चौथं प्रकरण थोडक्यात. तिथे फरक हळूहळू न वाढता एका जागी उडी मारतो. हळदीपर्यंत ठीक, मंगलाष्टकांपासून दोन सेकंद मागे. डीव्हीडीवर एक-एक जीबीच्या व्हीओबी फायली असतात आणि लोक त्या उचलून एकामागे एक जोडतात. हळद, लग्न, स्वागतसमारंभ असे वेगळे भाग केलेले असतील तर प्रत्येक भागाला घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि जोडलेल्या फायलीत ते गडबडतं. सुटी व्हीओबी देऊ नका. हँडब्रेकला ‘व्हिडिओ टीएस’ हा अख्खा फोल्डर दाखवा आणि भाग वेगवेगळे काढा. उडीच्या जागी चित्रात चौकोन फुटत असतील तर डिस्कवर ओरखडा आहे. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, आणि वाचली की आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून मगच पुढचं काम करा.

हे सगळं करण्याआधी एक गोष्ट न चुकता करा: मूळ डीव्हीडी टीव्हीवर लावून शेवटची दहा मिनिटं बघा. कॅसेटवरून डीव्हीडी करताना संगणकाने मधल्या फ्रेम गाळल्या असतील, किंवा चित्र एका उपकरणातून आणि आवाज लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून घेतला असेल, तर फरक डीव्हीडीतच भाजून बसलेला असतो. मग कन्व्हर्टर काय करणार? ज्यांनी ती करून दिली त्यांच्याकडे कॅसेट पुन्हा नेणं हाच उपाय.

तपासताना बरेच जण एका सापळ्यात अडकतात. वेळ वाचावा म्हणून मधलाच पाच मिनिटांचा तुकडा कन्व्हर्ट करतात, तो जुळतो, आणि मग पूर्ण फाइल बिघडली की चक्रावतात. वाढत जाणारा फरक तुकड्याच्या सुरुवातीपासून पुन्हा शून्यातून मोजला जातो, पाच मिनिटांत तो दिसायला जागाच मिळत नाही. एक कीर्तन पूर्ण कन्व्हर्ट करा, रात्री लावून ठेवा, सकाळी शेवटची पाच मिनिटं बघा. आणि दरवेळी मूळ फायलीवरूनच सुरुवात करा. आधीच्या तीन कन्व्हर्टरांनी केलेल्या फायलींमध्ये खऱ्या वेळा उरलेल्याच नाहीत, त्या पुसून टाका.

एवढं करूनही जमलं नाही तर प्लेअरचं मॉडेल, मूळ फायलीची मीडियाइन्फोतली फ्रेमरेटची ओळ, आणि दुसऱ्या, पंचविसाव्या व बावन्नाव्या मिनिटाचे आकडे चिन्हासकट इथे लिहा. चिन्ह विसरू नका. आवाज पुढे आहे की मागे यावरून अर्धं निदान होतं.